शिशाच्या फेसात जस्त चढते आहे : दोष दळणाचा की पाण्याचा? (मदत हवी आहे)

नमस्कार. शिसे-जस्ताच्या सल्फाइड खनिजावर मी प्रयोगशाळेत फ्लोटेशनच्या (दळलेल्या खनिजातले हवे ते कण हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून फेसात वेगळे काढण्याच्या) चाचण्या करत आहे आणि एका ठिकाणी अडकलो आहे. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खनिजात गॅलेना (शिशाचे सल्फाइड), स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) आणि बराचसा पायराइट (लोहाचे सल्फाइड) आहे. पद्धत नेहमीचीच आहे : दळतानाच झिंक सल्फेट आणि थोडे सोडियम सायनाइड घालून जस्त दाबून ठेवायचे (तरंगू द्यायचे नाही), झँथेटच्या (कणांना बुडबुड्यांना चिकटायला लावणाऱ्या रसायनाच्या) साह्याने आधी शिसे तरंगवून घ्यायचे, नंतर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून स्फॅलेराइट सक्रिय (तरंगण्याजोगे) करायचे आणि चुन्याने सामू 11 च्या आसपास नेऊन पायराइट खाली ठेवत जस्त काढायचे. ताज्या पाण्यावर शिशाचे कॉन्सन्ट्रेट (फेसातून मिळणारा शिसेयुक्त माल) समाधानकारक मिळते. परंतु जस्ताच्या टप्प्यातले निवळलेले पाणी दळणाला पुन्हा वापरले की, सामू आधीइतकाच आणून घेतला तरी, शिशाच्या फेसात जस्त चढते, आणि झिंक सल्फेट दुप्पट करूनही फरक जेमतेमच पडतो.

पाण्यात उरलेल्या तांब्यामुळे स्फॅलेराइट वेळेआधीच सक्रिय होत असावे, असा माझा संशय आहे. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली गॅलेनाला चिकटलेले स्फॅलेराइटचे कणही दिसतात. अधिक बारीक दळायला मन धजत नाही, कारण गॅलेना ठिसूळ असल्यामुळे आधी त्याचाच गाळ होतो आणि इतके बारीक कण फेसात नीट येत नाहीत. आधी काय तपासावे?

प्रतिसाद :
तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. दळण दोन्ही वेळी सारखेच असेल, तर चिकटलेले कण ताज्या पाण्यातही तितकेच असणार; म्हणजे वाढलेल्या जस्ताचे कारण पाण्यातच शोधायला हवे. झिंक सल्फेट अल्कधर्मी पाण्यात कणांवर हायड्रॉक्साइडचा थर देते, पण पृष्ठभागावर आधीच बसलेले तांबे काढण्याचे काम मुख्यतः सायनाइडचे आहे, त्यामुळे एकट्या झिंक सल्फेटची मात्रा वाढवून उपयोग होत नाही. तांब्यालाच दोषी ठरवण्याची घाई मात्र करू नका, कारण त्या पाण्यात शिल्लक झँथेट आणि फेसकारकही असतात. ताज्या पाण्यात एकदा फक्त मोजून मोरचूद आणि एकदा फक्त जादा झँथेट घालून पाहा. जस्त कशाने चढते ते वेगळे कळेल. शिवाय शिशाचे कॉन्सन्ट्रेट चाळून प्रत्येक आकाराच्या कणांतले जस्त तपासा. जाड कणांत असेल तर ते बहुधा चिकटलेले, अगदी बारीक गाळात असेल तर पाण्याबरोबर फेसात ओढले गेलेले, आणि मधल्या आकाराच्या सुट्या कणांत असेल तर सक्रिय झालेले समजावे.

मूळ प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. झँथेटचा विचारच केला नव्हता. दोन्ही चाचण्या लावतो, आणि तोवर जस्ताच्या टप्प्याचे पाणी त्याच टप्प्यात फिरवतो.