शब्दचर्चा : शॉर्टकट 'सानुकूलित' करायचा की 'लावायचा'?

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठी व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहिण्याच्या एडिटरची मराठी माहितीपुस्तिका लिहिते आहे. त्यात कंट्रोल-के आणि पाठोपाठ कंट्रोल-एस दाबलं की शॉर्टकटांची यादी उघडते. तिथली कुठलीही आज्ञा हव्या त्या कळीवर नेता येते. याला काय म्हणावं? 'सानुकूलित करणे'पाशी मुलं अडखळतात. 'की-बाइंडिंग'ला 'कळबंधन' चालेल का?

प्रतिसाद : 'सानुकूलित' टाळाच. दैव सानुकूल असतं, वारा असतो. कोणी काय बदललं हे त्या शब्दातून कळतच नाही. आपण गजर लावतो, पासवर्ड लावतो, तसाच शॉर्टकट लावावा. असलेला बदलावा, नको तो काढावा. ओळ पुसायला मुळात कंट्रोल-शिफ्ट-के आहे. 'मी ती आज्ञा दुसरीकडे लावली' म्हटलं की कोणालाही समजतं. 'कळबंधन' मात्र नको, बंधन म्हटलं की मनाईच ऐकू येते. नाम लागलंच तर 'कळजोडणी'.

प्रतिसाद : 'कळ' एकवचनात छान आहे, 'कळीचा मुद्दा' आपण रोज म्हणतो. पण 'दोन कळा एकदम' वाचलं की पोटातल्या कळा आठवतात. अनेकवचनात सरळ 'बटणं' लिहा.

प्रतिसाद : 'एकदम' आणि 'पाठोपाठ' हा फरक पुस्तिकेत पाळाच. कंट्रोल आणि के एकदम, ती सोडायची, मग कंट्रोल आणि एस एकदम. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये फाइल साठवतानाही असंच, कंट्रोल-एक्स आणि पाठोपाठ कंट्रोल-एस. नुसतं अधिकचिन्ह टाकलं तर नवखा माणूस सगळी बटणं एकाच वेळी दाबत बसतो.

प्रश्नकर्ती : 'लावणे' आवडलं. पण काय कशावर लावायचं, यात गोंधळ नाही का होणार?

प्रतिसाद : 'वर' सोडला नाहीत तर होणार नाही. आधी बटण, मग काम. विम या एडिटरमध्ये हे फार चांगलं दिसतं. तिथे नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे बटणं अक्षरं न उमटवता आज्ञा देतात तेव्हा, जे दाबला की कर्सर एक ओळ खाली जातो. मराठी लिहिताना इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला, तर त्याच बटणाचा 'र' होतो आणि कर्सर जागचा हलत नाही. सेटिंगच्या फाइलीत 'एननोरीमॅप' (nnoremap) ही आज्ञा, पुढे र, त्यापुढे इंग्रजी जे, एवढी ओळ घाला. म्हणजे 'र वर जे लावा'. आज्ञेतला क्रमही तोच, मराठी वाक्याचाही तोच. तसंच क वर के, प वर एच, त वर एल. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी या चार ओळी पुस्तिकेत जरूर द्या.