स्वतःच्या जागेत क्रॉसबोने हरणाची शिकार: ओहायोकरांनो, सल्ला हवाय

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. आम्ही राहतो कोलंबसला, पण अथेन्स काउंटीत १२ एकर जागा घेतली आहे. बहुतेक ओकचं जंगल, मधे थोडी मोकळी जमीन. बायकोनं तिथे सफरचंदाची कलमं लावली, ती हरणांनी शेंड्यापासून ओरबाडली. या हंगामात क्रॉसबोने (बंदुकीसारखा घोडा असलेलं आडवं धनुष्य) एखादं हरीण मारावं असा विचार आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे बंदुकीच्या भानगडीत पडायचं नाही. आधी कधीच शिकार केलेली नाही.
१) स्वतःच्या जागेत परवाना लागतो का? न्यू जर्सीहून धाकटा भाऊ येणार आहे, त्याचं काय?
२) ६०० डॉलरपर्यंत कोणता क्रॉसबो घ्यावा?
३) झाडावरचं मचाण की जमिनीवरचा तंबू?

पाटलीणबाई
कलमांभोवती आठ फुटी जाळी मारा की! मुक्या जनावराला कशाला मारायचं?

डोंगरवाट
जाळी मारतोच आहे, ताई. पण मटण आम्ही खातो, मग निदान ते कुठून येतं हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणतो.

ओकाखाली
परवान्याचं आधी. ओहायोत सहा महिने राहिलेला माणूस इथला रहिवासी धरतात. रहिवासी मालक, त्याची बायको आणि मुलं यांना स्वतःच्या जमिनीवर हरीण मारायला शिकारीचा परवाना लागत नाही आणि हरणाचं परमिटही नाही. पण याचा अर्थ मोकळं रान असा नाही. हंगाम, वेळ, काउंटीत किती हरणं मारायची ती मर्यादा हे सगळे नियम तुम्हालाही लागू. हरीण पडेल तिथेच, हलवायच्या आधी, नाव-तारीख-वेळ-काउंटी लिहिलेली चिठ्ठी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत राज्याच्या वन्यजीव विभागाच्या ॲपवर किंवा फोनवर नोंद करायची. भाऊ मात्र पाहुणा. त्याला बाहेरच्या राज्याचा परवाना, हरणाचं परमिट आणि तुमची लेखी परवानगी, तिन्ही हवं. त्यानं शिकारीचा सुरक्षा-कोर्स केलेला नसेल तर ते आधी बघा.

व्हिसाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. एच-१बीवाल्यांना फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे. क्रॉसबो त्या कायद्यात बंदूक धरत नाहीत. तरी जागा गावाच्या हद्दीत येत असेल तर तिथला स्थानिक नियम विचारून घ्या.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. १२ एकर चौकोनी धरले तर एक बाजू साधारण २४० यार्डांची होते. अगदी मधोमध बसलात तरी जवळची हद्द १२० यार्डांवर. बाण फुफ्फुसांतून आरपार गेला तरी हरीण शंभर यार्ड सहज पळतं. म्हणजे तुमचं हरीण शेजाऱ्याच्या जमिनीत पडण्याची शक्यता चांगलीच आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला तिथे पाऊल टाकता येत नाही. म्हणून धनुष्य नंतर घ्या. आधी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन ओळख करून घ्या, लेखी परवानगी घ्या. अथेन्सकडची माणसं मोकळी आहेत, पण न विचारता घुसलेला माणूस त्यांना चालत नाही.

डोंगरवाट
हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची जागा तर लांबट पट्टा आहे, रुंदी त्याहून कमी.

ओकाखाली
मग हद्दीलगत बसूच नका. हरणांची रोजची वाट ज्या बाजूनं आत येते तिकडे तोंड करून, आतल्या अंगाला बसा. दचकलेलं हरीण पुष्कळदा आलं त्याच वाटेनं परत पळतं.

मिशिगनची_माई
क्रॉसबोबद्दल मी सांगते. ६०० डॉलरमध्ये चांगला मिळतो, दुर्बिणीसकट. डब्यावर '४०० फूट प्रतिसेकंद' बघून भुलू नका. ४० यार्ड म्हणजे १२० फूट. बाणाला तेवढं जायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, दोरीचा आवाज मात्र ०.१ सेकंदात हरणाच्या कानात. उरलेल्या वेळात सावध हरीण खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा भलतीकडे लागतो, ते जास्त वाईट. म्हणून पहिल्या वर्षी ३० यार्डांच्या पलीकडे घोडा ओढायचाच नाही. वेगापेक्षा वजन बघा. टोकासकट ४०० ग्रेनच्या (सुमारे २६ ग्रॅम) वरचा बाण जास्त आत जातो आणि आवाजही कमी होतो.

बाण न लावता कधीही सोडू नका, धनुष्याचे हात तडकतात. अंगठा नेहमी रुळाच्या (बाण ज्यावरून सरकतो ती पट्टी) खाली. दोरी सुटताना बोटाचं काय होतं ते इंटरनेटवर बघू नका, माझा शब्द घ्या. दोरी ओढायला कॉकिंग रोप वापरा, जोर निम्मा लागतो. शिकार न होता परतताना बाण सरावाच्या गादीत सोडून धनुष्य मोकळं करा. सराव रोज थोडा करा, आणि शिकारीला नेणार तेच पातं लावूनही काही बाण मारून बघा. ब्रॉडहेड, म्हणजे ते शिकारीचं पातं, आणि सरावाचं साधं टोक एकाच ठिकाणी लागतील असं गृहीत धरू नका.

मचाण नको. शिकारीतले बरेच अपघात झाडावरून पडून होतात. पहिल्या हंगामात जमिनीवरचा तंबू लावा, तोही आधी काही आठवडे, म्हणजे हरणांना सवय होते. पुढे मचाण घेतलंत तर जमिनीवरून पाय सुटण्याआधी अंगभर पट्टा बांधलेला असला पाहिजे.

वऱ्हाडी_शेतकरी
मी अकोल्याहून. आमच्याकडं रोही (नीलगाई) तूर-हरभरा खाऊन जातात. असं धनुष्य इथं चाललं असतं का, भाऊ?

ओकाखाली
नाही हो, दादा. स्वतःचं शेत असलं तरी नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रोही आणि रानडुकरांसाठी वनखात्याची परवानगी आधी लागते. काळवीट, चितळ, सांबराचं तर नावच काढू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात नुकसानभरपाईचा अर्ज मात्र जरूर द्या, पंचनामा लगेच करून घ्या. इथली गोष्ट वेगळी. इथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या राज्य सरकार शिकारीतूनच आटोक्यात ठेवतं.

डोंगरवाट
नर मारावा की मादी? आणि नेम कुठे?

ओकाखाली
मटण हवं आणि बाग वाचवायची तर मादी. शिंगवाला नर तसाही वर्षाला एकच, अख्ख्या राज्यात मिळून. हरीण आडवं उभं असताना किंवा जरा पाठमोरं तिरकं असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून तोंड करून असेल तर सोडून द्या. बाण लागल्यावर लगेच धावत सुटू नका. पडलेलं रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, अर्धा तास थांबा. गडद असेल तर यकृत, काही तास. बाणावर हिरवट घाण किंवा आंबूस वास असेल तर पोटात लागलंय, सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त थांबा. घाईनं मागे गेलात तर ते शेजाऱ्याच्याही शेजाऱ्याकडे जाऊन पडेल.

धनुष्याचा हंगाम सप्टेंबरअखेरीस उघडतो, तेव्हा दिवसा चांगलंच ऊन असतं. आतडी लगेच काढा, पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा, मांस ४ अंश सेल्सिअसच्या खाली यायला हवं. मी नोव्हेंबरपर्यंत थांबेन. गारवाही असतो आणि माजाच्या दिवसांत हरणं दिवसाउजेडी फिरतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) सोमवारी बंदुकीचा आठवडा सुरू होतो, त्यात धनुष्य घेऊन बसलात तरी नारिंगी जाकीट सक्तीचं. घरी परतल्यावर अंगावर गोचिडी शोधा. लाइम रोग इथे आहे.

पाटलीणबाई
मारणारच असाल तर निदान नीट शिजवा! हरणाच्या मांसाला चरबी नाही, जी असते ती मेणासारखी टाळ्याला चिकटते, सगळी काढून टाका. वरची चंदेरी पातळ साल पण. मांडीचं मांस दही-आलं-लसणात रात्रभर ठेवून कुकरला लावा, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं करा. पाठीची पट्टी मात्र कुकरला लावू नका. तव्यावर तूप, मिरपूड, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, बस.

डोंगरवाट
ताई, जाळीवरून सुक्यापर्यंत आलात! या शनिवारी शेजाऱ्यांकडे जातो. परवानगीचा कागद कुठे मिळतो?

ओकाखाली
राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर छापील नमुना आहे. चार प्रती काढा, सही-तारीख घ्या आणि शिकारीला जाताना खिशात ठेवा.