'दुहेरी धोका' की 'दुबार खटला'?

प्रश्न, ठाण्याहून: फौजदारी कायद्यावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. 'डबल जेपर्डी'ला, म्हणजे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला किंवा शिक्षा होण्याला, सगळीकडे 'दुहेरी धोका' म्हटलेलं दिसतं. कोर्टनाक्यावर अर्ज टाइप करून देणारे काकाही तेच टाइप करतात. पण वाचणाऱ्याला वाटतं, माणसावर दोन बाजूंनी संकट आलंय. लेखात इस्लामी न्यायशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय दोन्ही आहेत. दोन्हीकडे चालेल असा शब्द सुचवाल का?

बेलापूरहून: ताई, 'दुबार' घ्या. दुबार पेरणी, दुबार मतदार कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'दुबार खटल्यापासून संरक्षण' लिहा.

मात्र 'खटला' कशाला म्हणायचं यावरच सगळं अडतं. मकबूल हुसेन प्रकरण बघा. जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाचं सोनं कस्टमने जप्त केलं, नंतर परकीय चलन कायद्याखाली खटलाही भरला. एकाच गोष्टीची दोनदा शिक्षा, असं त्याचं म्हणणं. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. कस्टमचे अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्यामुळे दुबार खटल्यापासून संरक्षण देणारा संविधानाचा अनुच्छेद २०(२) लागू होत नाही. शिवाय त्या अनुच्छेदासाठी आधी खटला चालून शिक्षाही झालेली लागते. निर्दोष सुटलेल्याला आधार असतो तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ३०० चा, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ चा.

आणि अपील म्हणजे दुबार खटला नव्हे. "सुटलो ना, मग सरकार हायकोर्टात कसं गेलं?" असं पक्षकार कळवळून विचारतात. तो त्याच खटल्याचा पुढचा टप्पा असतो, हे लेखात जरूर येऊ द्या.

मुंब्र्याहून: इस्लामी बाजूबद्दल लिहितो. जुन्या फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रात, या तत्त्वाचं स्वतंत्र प्रकरण नाही, पण विचार आहे. एक तर 'तदाखुल', म्हणजे शिक्षा एकमेकींत मिसळणं. हद्द म्हणजे धर्मशास्त्राने ठरवून दिलेली शिक्षा. ती होण्याआधी तोच हद्दचा गुन्हा अनेकदा घडला असेल, तर बहुतेक फकीहांच्या (न्यायशास्त्रज्ञांच्या) मते सगळ्यांची मिळून एकच हद्द. शिक्षेनंतर पुन्हा केला तर मात्र नवी. आपल्या मराठीतली 'हद्द' याच अरबी शब्दातून आली, म्हणून भाषांतरात ती तशीच ठेवा.

दुसरं, प्रेषितांचे सहकारी अबू बक्रा यांचा प्रसंग. हे पहिले खलिफा अबू बक्र नव्हेत. बसऱ्याचे सुभेदार मुगीरा यांच्यावर व्यभिचाराचा आरोप झाला, चौथा साक्षीदार डगमगला, म्हणून अबू बक्रा धरून उरलेल्या तिघांना खोट्या आरोपाचे फटके बसले. अबू बक्रा यांनी नंतर तोच आरोप पुन्हा उच्चारला. खलिफा उमर पुन्हा फटके द्यायला निघाले, तेव्हा अली यांनी अडवलं. आरोप तोच आहे, त्याची शिक्षा होऊन गेली आहे. मला या विषयात याहून बोलका प्रसंग माहीत नाही. शिवाय एका काझीचा इज्तिहाद, म्हणजे स्वतः विचार करून काढलेला निर्णय, तशाच दुसऱ्या इज्तिहादाने रद्द होत नाही, हा नियम मजल्ल्याच्या, म्हणजे ऑटोमन काळातल्या दिवाणी संहितेच्या, कलम १६ मध्येच आहे.

बेलापूरहून: सुंदर! आंतरराष्ट्रीय बाजूला १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात अनुच्छेद १४(७) आहे, पण तो एकाच देशातल्या दोन खटल्यांपुरता. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम संविधीतला अनुच्छेद २० देशाचं न्यायालय आणि हेगचं हे न्यायालय यांच्यातही लागू होतो. मात्र आरोपीला वाचवण्यासाठीच घरचा खटला उरकला असेल, तर हेगला दार उघडं राहतं. मला ही अट फार मोलाची वाटते, नाहीतर सत्ताधाऱ्यांनी आपल्याच माणसांचे लुटुपुटूचे खटले चालवून त्यांना कायमचं सोडवलं असतं. लिबियाचे मुअम्मर गद्दाफी यांचे पुत्र सैफ अल-इस्लाम गद्दाफी यांनीही हेगला त्रिपोलीतल्या २०१५ च्या निकालाचा आधार घेतला होता. ते गैरहजर असताना लागलेला तो निकाल अंतिम नाही, असं म्हणून २०२० मध्ये हेगच्या अपील पीठाने तो आधार नाकारला.

ठाण्याहून: दोघांचेही मनापासून आभार. शीर्षकात 'दुबार खटला', हद्दच्या परिच्छेदात 'दुबार शिक्षा' आणि हेगच्या भागात सगळीकडे 'अंतिम निकाल' असं ठरवते. डिस्चार्जला, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करण्याला, 'आरोपमुक्त' म्हणू ना? 'दोषमुक्त' लिहिलं तर वाचणारा त्याला निर्दोष सुटला असं समजेल.

बेलापूरहून: 'आरोपमुक्त'च. डिस्चार्ज झालेल्याला कलम ३३७ चं संरक्षण नाही, तेव्हा ते दोन शब्द वेगळेच ठेवा.