गालाच्या आतलं अस्तर, डोळ्यावर

"तोंडाची कातडी डोळ्याला कशी चालेल?" असं एका भाऊंनी विचारलंय. चालते ना! बुबुळाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेला त्याचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्या जळाल्या की नेत्रदानातलं बुबुळ बसवूनही टिकत नाही. एकच डोळा गेला तर चांगल्या डोळ्यातून पेशी घेतात. पण आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे तंबाखूच्या चुन्याची ट्यूब पोरं खेळताना दाबतात (चुना गेला तर लगेच भरपूर पाणी मारा, तूप-मध नको!), दोन्ही डोळे पोळले तर घेणार कुठून? गालातून. जपानात नेत्रतज्ज्ञ निशिदांनी २००४ मध्ये ४ रुग्णांवरचा अनुभव मांडला. गालातल्या पेशींचा पापुद्रा प्रयोगशाळेत खास भांड्यात वाढवायचा, भांडं थंड केलं की तो अलगद सुटतो. डोळ्यावर बसवायला टाकेही नाहीत. चौघांची नजर सुधारली. मात्र कडेने बुबुळात रक्तवाहिन्या शिरतात.