एकाच गावाचे तीन आकडे: पाण्याचा ताळेबंद कशावर मांडायचा?

प्रश्न
गावच्या पाणी समितीत मी आहे, ताळेबंदाची वही माझ्याकडे असते. मे अखेरीस शाळेमागच्या विहिरीत टेप सोडला, तर पाणी ७.४ मीटरवर लागलं. त्याच विहिरीची राज्याच्या भूजल यंत्रणेकडची नोंद ६.५. आणि केंद्राच्या पोर्टलवर आमच्या गावापुढे १२.१! ग्रामसभेत एकजण उठून म्हणाला, "ताई, पाणी नक्की कुठंय ते आधी तुमचं ठरू द्या, मग आम्हाला ऊस लावू नका म्हणा." मी गप्पच बसले. कोणता आकडा धरायचा?

उत्तर १
ताई, मी निवृत्त भूवैज्ञानिक. तिन्ही बरोबर असू शकतात. टेप कठड्यावरून सोडला होता का? सरकारी नोंद जमिनीपासून खाली किती, अशी असते. कठड्याची उंची वजा करून बघा. १२.१ हा बहुधा विंधन विहिरीचा, म्हणजे बोअरचा असेल. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, तोही थरावर थर. वरच्या मुरमातलं पाणी आणि खालच्या फटीतलं पाणी एकच असेल असं नाही. दोन्हींची सरासरी मात्र काढू नका. आमच्या एका साहेबांनी काढली होती, अहवालात छान दिसली.

ताळेबंदाला उघड्या विहिरी धरा. बेसाल्टात पातळी एक मीटर चढली म्हणजे मीटरभर पाणी आलं असं नाही. खडकात पाण्याला जागा थोडी, त्या चढाच्या साधारण २ टक्केच पाणी धरतात. १०० हेक्टरवर एक मीटर चढ म्हणजे २० टीसीएम (हजार घनमीटर), दोन कोटी लिटर.

उत्तर २
काकांनी मोजणीचं सांगितलं, मी याद्यांचं सांगतो. जलसंधारणाच्या कामांचे नकाशे करतो. आमच्याकडे एकच सिमेंट बंधारा दोन खात्यांच्या यादीत सापडला, एकीकडे ओढ्याच्या नावाने, दुसरीकडे गट नंबरने. साठा दोनदा धरलेला. त्यातून भूजलवाले पाणलोटावर हिशेब करतात, ग्रामपंचायत गावाच्या हद्दीवर आणि पाऊस मिळतो महसूल मंडळाच्या केंद्राचा, जो तुमच्या शिवारात पडलाच असं नाही. २०१९च्या अटल भूजल योजनेत गावाने स्वतः ताळेबंद मांडायचा होता, ते मला पटलं होतं. पण वरची खाती एकमेकांना विहिरीचा क्रमांकसुद्धा सारखा देत नाहीत. एक विहीर, एक क्रमांक, सगळ्यांच्या वहीत तोच. एवढं झालं तरी पोर्टलं जोडता येतील. तोवर तुम्ही बंधाऱ्यांचे अक्षांश-रेखांश स्वतः घ्या, फोनवर निघतात. आणि शाळेत पर्जन्यमापक बसवा.

प्रश्नकर्ती
कठडा मोजला. बरोबर ९० सेंटिमीटर! म्हणजे आमचं आणि राज्याचं जुळलं. आता कठड्याखाली रंगाने खूण केलीय, दर वेळी तिथूनच मोजणार. १२.१ची विंधन विहीरही सापडली, गावठाणाच्या पलीकडे, झाकण गंजलेलं.

नवीन अडचण: काल सकाळी मोजायला गेले तर शेजारच्या शेताची मोटार चालू. थांबा म्हटलं तर दादा म्हणतात, "या आठवड्यात वीज रात्रीची, सकाळपर्यंतच. आत्ताच बंद करू?"

उत्तर १
मग त्याच दिवशी संध्याकाळी मोजा, पाणी भरून आल्यावर. आणि वहीत वेळेचा एक रकाना वाढवा.