डबा खाताना देवाची टिंगल होते, काय बोलावं?

रोलिंगमिल_जालना
सलाम. मी जालन्यात एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आजोबा बेथेलचे, म्हणजे मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती गावचे. "बाटगे" ऐकतच मोठा झालो, त्याचं काही वाटत नाही. पण हे वेगळंय.

आमच्या शिफ्टला एक इलेक्ट्रिशियन आहे. माणूस सोन्यासारखा, माझ्या पोराच्या ॲडमिशनला रजा टाकून सोबत आला होता. पण नास्तिक. मी जेवणाआधी डोळे मिटले की तेवढ्यात माझ्या डब्यातलं भजं उचलतो अन् म्हणतो, "बघ, तुझ्या देवानं पाहिलं का कुणी नेलं?" परवा म्हणला, "येशू पाण्यावर चालला म्हणतोस ना, जालन्यात येऊन चालून दाखव म्हणावं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आधी पाणी तर पाहिजे!" सगळे हसले. खरं सांगतो, मलाही हसू आलं होतं, गिळलं.

मग डोकं फिरलं. बायबलमधलं स्तोत्र १४ पाठ आहे. "देव नाही म्हणणारा मूर्ख असतो, शास्त्रात लिहिलंय," असं सगळ्यांसमोर सुनावलं. तो गप झाला. दोन दिवसांपासून पॅनल रूममध्ये एकटाच डबा खातो. गप बसलं तर भेकड ठरतो, बोललं तर हे असं. काय करावं?

विश्वासी_परभणी
घाबरू नको भाऊ. सरळ विचार, घड्याळ आहे म्हणजे घड्याळ बनवणारा आहेच ना? मग एवढं विश्व आपोआप झालं का? तोंड बंद होईल त्याचं.

रोलिंगमिल_जालना
विचारलं होतं दादा मागंच. "मग देवाला कुणी बनवलं?" म्हणला. तोंड माझंच बंद झालं.

जुनी_सिस्टर
बाळा, आधी त्या वचनाचं. तू पहिल्या ओळीवरच थांबलास. चौथ्या ओळीपर्यंत वाच. तिथला दुष्ट कोण, तर भाकर खावी तसा लोकांना खाणारा. अन् "देव नाही" हे तो मनात म्हणतो, तोंडानं कदाचित गीतं गात असेल. दर रविवारी पहिल्या बाकावर बसून मजुरांचा पगार दाबणारे मी पाहिलेत. ते वचन त्यांचं आहे, भजं चोरणाऱ्याचं नाही. त्याची माफी माग.

टिंगलीचं म्हणशील तर शास्त्रात टिंगल करणारा आपलाच माणूस आहे. १ राजे, अध्याय १८. आपल्यासारखाच दुष्काळ, वर्षानुवर्षं पाऊस नाही, अन् कर्मेल डोंगरावर आपला संदेष्टा एलीया बआल नावाच्या दुसऱ्या देवाच्या संदेष्ट्यांना म्हणतो, मोठ्यानं हाका मारा, तुमचा देव झोपला असेल. हे आपण संडे स्कूलमध्ये पोरांना हसवत शिकवतो. मग आपली पाळी आल्यावर रडायचं नाही. रोममध्ये १८५७ साली एका जुन्या भिंतीवर खरवडलेलं चित्र सापडलं, आमच्या पाळकसाहेबांनी एकदा पडद्यावर दाखवलं होतं. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, बाजूला हात उचललेला एक जण, अन् खाली ग्रीकमध्ये, "अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो". म्हणजे तुझ्या मित्राचा धंदा अठराशे वर्षांचा जुना आहे.

ती "झोपला असेल" ओळ मला पुन्हा भेटली किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, सगळं अंगावर आलं. मी तेव्हा एका मिशन दवाखान्यात नर्स होते, तिसऱ्या दिवशी आमची गाडी पोचली. वरून पाऊस, खाली चिखल. एक माणूस हातानंच माती उपसत होता, दोन बोटांची नखं निघालेली. पट्टी बांधायला बसले तर त्यानं माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला अन् म्हणाला, "सिस्टर, तुमचाबी झोपला होता का?" तुमचाबी, म्हणाला. मी काही बोलले नाही. टिंचर लागल्यावरही त्यानं हात मागं घेतला नाही, एवढं आठवतं.

त्याला द्यायचं उत्तर अजून माझ्याकडं नाही. पण मी ज्या येशूला मानते त्यालाही क्रूसावर असताना लोक मान हलवून हसले होते, दुसऱ्यांना वाचवलंस, आता स्वतःला वाचव म्हणून. तो खाली उतरला नाही, उलट "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं ओरडला. असा देव आहे म्हणून मला त्या माणसाशेजारी चिखलात बसता आलं. दुसऱ्या कुठल्या देवाला घेऊन तिथं बसायची हिंमत झाली नसती.

आता "देवाला कुणी बनवलं". घड्याळ सोड, टँकर घे. या टँकरात पाणी कुठून आलं? त्या टँकरातून. त्यात? आणखी एका. शंभर टँकर रांगेत लाव, पाणी तयार होत नाही. कुठंतरी विहिरीला झरा लागतो. झऱ्यात कुणी टँकर ओतला, असं आपण विचारत नाही. पण यानं झरा मिळतो, येशू मिळत नाही, हेही त्याला प्रामाणिकपणे सांग.

नांदेडचा_नास्तिक
सिस्टर, टँकरचं आवडलं. पण विश्व हाच झरा का नसावा? तुम्ही एक पायरी पुढं जाऊन थांबता, मी अलीकडं थांबतो.

मी टिंगल का करतो ते सांगतो. माझ्या आत्याला शुगर. एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करायच्या सभेत, कुणीतरी सांगितलं, विश्वास असेल तर सुई कशाला. तिनं इन्सुलिन बंद केलं, शेवटी पायाची दोन बोटं काढली. अन् दुसरं, वादात हरल्यावर "तुझ्यासाठी प्रार्थना करतो" हे चापटीसारखं मारू नका.

आमच्या लोकांचंही चुकतं. दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंनिस काढली ती लोकांच्या देवाला हसायला नाही. अन् आमच्या पीपल्स कॉलेजातले कुरुंदकर सर, पक्के नास्तिक, पण धर्मग्रंथावर बोलायचे तर वाचून. आमच्यातल्या निम्म्यांनी बायबल उघडलेलंसुद्धा नाही, मीम तेवढे पाठ.

जुनी_सिस्टर
आत्याचं वाचून पोटात कालवलं. सुई बंद करायला सांगणाऱ्याची टिंगल तुम्ही खुशाल करा, मी तुमच्या बाजूला उभी राहीन. आयुष्यभर इन्सुलिन टोचलंय मी, ते पण देवाचंच काम समजून. विश्व हाच झरा, हे खोडायला माझ्याकडं हत्यार नाही. झऱ्याला मी जे नाव देते ते वादातून आलेलं नाही.

रोलिंगमिल_जालना
आज पॅनल रूममध्ये गेलो, माफी मागितली. "मूर्ख तर मूर्ख, भजी आणलीत का?" म्हणला. टँकरचं सांगितलं तर म्हणतो, "आमच्याकडं सातशे फूट बोअर मारला, फुफाटा निघाला, कसला झरा सांगतो?" दोघंही हसलो. मग घास थांबवून त्यानं विचारलं, बरं झरा असला तरी तो येशूच कशावरून? सिस्टर, आता याला काय सांगू?

जुनी_सिस्टर
ते मोबाईलवर लिहून होत नाही. त्याला मार्काचं शुभवर्तमान दे, येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत सगळ्यात लहान आहे, सोळाच अध्याय. आधी तू वाच. पाण्यावर चालण्याचं सहाव्या अध्यायात आहे, ते वगळू नको. शिष्यही ते पाहून चक्रावले होते, असं तिथंच लिहिलंय.