शब्दचर्चा : ब्रिटिश मतदारासाठी नेमका शब्द कोणता – अनास्था, भ्रमनिरास की वीट?

रेडिंगकर :
एका दिवाळी अंकासाठी ब्रिटनच्या राजकारणावर लेख लिहितेय. इथल्या साध्या माणसाचं राजकारणावरून मन कसकसं उडत गेलं, हा विषय. संपादकांनी मथळ्यात 'राजकीय अनास्था' घातलंय आणि ते मला खटकतंय. 'भ्रमनिरास' लिहून पाहिलं, तेही पुरतं बसेना. 'मोहभंग' हिंदी पेपरातून उचलल्यासारखं वाटतं. जाणकारांनी सुचवावं.

मधला बाक :
'मोहभंग' सोडाच. मराठीत मोह आवरत नाही तो जिलबीचा नाहीतर खुर्चीचा. राजकारणात मोह पुढाऱ्यांना होतो, भंग लोकांचा होतो.

दप्तरदार :
'अनास्था' का खटकतं ते सांगतो. आपल्या वर्तमानपत्रांत अनास्था असते ती बहुतेकदा वरच्यांची खालच्यांबद्दल. पालिकेची खड्ड्यांबद्दल, खात्याची पेन्शनच्या फायलीबद्दल. तुमचे संपादक ती उलटी फिरवून मतदाराच्या माथी मारताहेत. 'लोकांना काही पडलेलंच नाही' असा ठपका त्यात आपोआप येतो.

'भ्रमनिरास'मधल्या 'निरास'चा 'निराशा'शी काही संबंध नाही. निरास म्हणजे निरसन, दूर करणं. 'शंकानिरसन' त्याच घरातलं. म्हणजे भ्रमनिरास ही मुळात चांगली गोष्ट: डोळ्यांवरची झापड गेली. पण 'निरास' ऐकताना 'निराशा' ऐकू येते, म्हणून आपण तो रडक्या सुरात वापरतो. काही जण तर 'भ्रमनिराशा' असंच लिहितात. तेवढं कृपा करून टाळा.

रेडिंगकर :
निरसनाचं लक्षात आलं. माझी अडचण मात्र वेगळी आहे. भ्रमनिरास व्हायला आधी भ्रम लागतो. इथे तो होता कधी? 1944 साली, म्हणजे ऐन महायुद्धात, चर्चिल पंतप्रधान असताना, गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने लोकांना विचारलं होतं की राजकारणी कोणासाठी राबतात. 35 टक्के म्हणाले, स्वतःसाठी. 36 टक्के म्हणाले, देशासाठी. बाकीच्यांत 'पक्षासाठी' म्हणणारेही होते. बॉम्ब पडत असताना ही मतं! तोच प्रश्न 2014 मध्ये पुन्हा विचारला गेला, तेव्हा 'स्वतःसाठी' म्हणणारे 48 टक्के झाले आणि 'देशासाठी' म्हणणारे उरले 10. पहिला आकडा फुगला त्यापेक्षा दुसरा कितीतरी जास्त आटला. मला शब्द हवाय तो या आटण्यासाठी.

शिवाय इथला एक जुना विनोद आहे: संसदेत प्रामाणिक हेतूने शिरलेला एकमेव माणूस म्हणजे गाय फॉक्स. तोच, 1605 साली दारूगोळा घेऊन तळघरात सापडलेला. राजकारणावर शेलकं लिहिणाऱ्या पॉल स्टेन्सने 2004 मध्ये आपल्या ब्लॉगला त्याचंच नाव दिलं. ज्या देशात हा विनोद घरोघरी चालतो तिथे भ्रम कसला?

उडदामाजी :
मग म्हणी काय वाईट आहेत? 'एकाच माळेचे मणी', 'पळसाला पाने तीनच'. 'दे आर ऑल द सेम'ला यापेक्षा चांगलं काय मिळणार?

मधला बाक :
म्हणीत राग नसतो हो. 'पळसाला पाने तीनच' म्हणणारा माणूस पान लावून झोपायला जातो.

दप्तरदार :
बरोबर. आणि राग होता याचा पुरावा मतदानाच्या आकड्यांतच आहे, म्हणून पुन्हा अनास्थेकडे येतो. ब्रिटनमध्ये 1950 साली जवळपास 84 टक्के मतदान झालं. 2001 मध्ये ते 59.4 टक्क्यांवर आलं, 1918 नंतरचा नीचांक. त्या वेळी इथल्या पंडितांनीही 'अपथी' म्हणून निदान केलं. पुढे काय झालं? 2014 मध्ये स्कॉटलंडच्या सार्वमताला 84.6 टक्के लोक आले. 2016 मध्ये ब्रेक्झिटला 72 टक्के आले, म्हणजे आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा पंचवीस लाखांहून अधिक मतं जास्त. ज्यांना 'काही पडलेलं नाही' असं ठरवून मोकळे झाले होते, त्यांच्यातले किती तरी रांगेत उभे राहिले, कारण या वेळी त्यांच्या मताने खरंच काही हलणार होतं. याला अनास्था म्हणत नाहीत. दुकानात माल नसला की गिऱ्हाईक जात नाही, एवढंच.

2024 मध्ये पुन्हा साठच्या किंचित खाली. लेबर पक्षाला 33.7 टक्के मतांवर चारशेच्या वर जागा मिळाल्या. विजय दांडगा, पण मतांचं वजन पाहा.

रेडिंगकर :
हे घेते. 'अनास्था' बाद. संपादकांना मीच सांगते.

थेम्सकाठ :
उशिरा येतोय. मला 'भ्रमनिरास' इतक्या सहज सोडवत नाही. भ्रम होता, फक्त तो माणसांबद्दल नव्हता.

ब्रिटनला एकसंध लिखित राज्यघटना नाही. बराचसा कारभार रूढींवर, संकेतांवर चालतो. पीटर हेनेसी या इतिहासकाराने त्याला 'गुड चॅप्स'चा सिद्धांत असं गमतीने म्हटलंय: खुर्चीवर बसलेली माणसं सभ्य आहेत, कुठे थांबायचं ते त्यांना कळतं, असं गृहीत धरून सगळं चालतं. आपल्याकडे याला तयार वाक्प्रचार आहे – जनाची नाही तर मनाची. पुढारी लबाड असेल, पण त्याला मनाची काहीतरी असेल, हा खरा भ्रम. त्याचा निरास झाला 2009 च्या मे महिन्यात.

खासदारांच्या भत्त्यांचं प्रकरण आठवत असेल. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून लागू होता. पत्रकारांनी त्याखाली खासदारांच्या खर्चाचा तपशील मागितला, सभागृह तो द्यायला तयार नव्हतं, 2008 मध्ये हायकोर्टात हरलं. मग काटछाट करून देण्याची तयारी चालली होती, तेवढ्यात सगळी माहितीच फुटली आणि 8 मेपासून डेली टेलिग्राफने रोज थोडी थोडी छापायला घेतली. त्यात काय होतं? गॉस्पोर्टचे खासदार सर पीटर व्हिगर्स यांचं तळ्यात तरंगणारं बदकांचं घर, 1,645 पौंड. डग्लस हॉग यांच्या खर्चाच्या यादीत वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचे दोन हजारांवर पौंड. तेव्हाच्या गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या यादीत टबाचं बूच, किंमत 88 पेन्स. बदकांच्या घराचे पैसे खरं तर संसदेच्या कचेरीने दिलेच नव्हते. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते बदकच. कोट्यवधींच्या कंत्राटाचा घोटाळा सामान्य माणसाला कळत नाही; 88 पेन्सचं बूच त्याने स्वतः दुकानातून आणलेलं असतं.

आणि उत्तर काय आलं? 'नियमात बसतं.' एकामागून एक हेच. भत्ता ज्यावर मिळे ते 'दुसरं घर' कुठलं ते कागदावर बदलायचं आणि आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या दुरुस्तीचे पैसे घ्यायचे, तेही नियमात. लोक चिडले ते याच वाक्यावर. काही जण पुढे खोट्या बिलांपायी तुरुंगातही गेले, पण माझ्या मते ते प्रकरण लहान. सभापती मायकेल मार्टिन यांना जावं लागलं, आणि सभापतीला असं घालवण्याची 1695 नंतरची ती पहिली वेळ. म्हणून म्हणतो, 2009 साठी 'भ्रमनिरास' चपखल आहे. तुम्ही म्हणता ते आटणं बहुधा इथेच सापडेल.

रेडिंगकर :
'मनाची' – हा सांधाच मला सापडत नव्हता. मग इराक युद्धाचं काय म्हणाल? माझ्या मसुद्यात तो मोठा भाग आहे.

थेम्सकाठ :
इराकला दोन शब्द लागतील. 1997 मध्ये लेबरच्या टोनी ब्लेअरना भरभरून मतं देणाऱ्यांचा अपेक्षाभंग झाला, कारण त्यांनी अपेक्षा ठेवल्या होत्या. 15 फेब्रुवारी 2003 ला लंडनच्या रस्त्यांवर युद्धाविरुद्ध अलोट गर्दी उतरली आणि पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. आपण इतके जण बाहेर पडलो आणि काडीचा फरक पडला नाही, हा अनुभव अपेक्षाभंगाच्याही पुढचा. त्याला मी 'वैफल्य' म्हणेन.

दप्तरदार :
आणि सरकारच्या बाजूचा शब्द माझ्याकडे आहे: मखलाशी. 'स्पिन'ला मराठीत 'फिरवाफिरवी' लिहितात, ते तोकडं पडतं. पेशवाईच्या दप्तरात यादीतल्या कलमांपुढे वरिष्ठ जो शेरा किंवा हुकूम लिहीत तो मखलाशी. आज तोच शब्द साळसूद सारवासारवीसाठी वापरतो. म्हणजे शब्द निघाला कचेरीतून आणि आला थेट थापेपर्यंत. सप्टेंबर 2002 च्या सरकारी दस्तऐवजात सद्दामची हत्यारं 45 मिनिटांत सज्ज होऊ शकतात असा दावा होता. पुढच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या दस्तऐवजाचा मोठा भाग एका विद्यार्थ्याच्या लेखनातून उचललेला निघाला. ही नुसती थाप नाही. ही शिक्क्यानिशी केलेली मखलाशी.

दुसरं एक क्रियापद लेखात घ्याच: बातमी 'पुरणे'. 11 सप्टेंबर 2001 ला, न्यूयॉर्कचे मनोरे जळत असताना, एका मंत्र्याच्या सल्लागार जो मूर यांनी ईमेल धाडली, की जे काही पुरायचं असेल ते बाहेर काढायला आज फार चांगला दिवस आहे. मराठीत 'दडपणे' असतं ते माहिती लपवताना. इथे बातमी उघड द्यायची, पण दुसऱ्या प्रेताखाली.

उडदामाजी :
या मखलाशीचा पर्दाफाश ब्लॉगवाल्यांनी केला असं म्हणतात. तो भाग लेखात आहे का?

रेडिंगकर :
आहे, थोडा. एप्रिल 2009, म्हणजे भत्त्यांच्या स्फोटाच्या जेमतेम महिनाभर आधी. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचे सल्लागार डेमियन मॅकब्राइड यांनी विरोधी नेत्यांविषयी आणि त्यांच्या घरच्यांविषयी खोट्यानाट्या कंड्या पिकवायचा बेत ईमेलवर मांडला होता. तो स्टेन्सच्या हाती लागला, मॅकब्राइडना राजीनामा द्यावा लागला. 'कंड्या पिकवणे' इथे अगदी बसतं. पण पर्दाफाश करणाऱ्यालाही फार डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. चार वर्षं रोज 'सगळे चोर' वाचणारा माणूस 2009 च्या आधीच अर्धा तयार झालेला होता.

मधला बाक :
'वीट' राहिला की.

थेम्सकाठ :
वीट अतीचा येतो. श्रीखंडाचाही येतो. 2015 ला निवडणूक, 2016 ला सार्वमत, 2017 ला थेरेसा मे यांनी पुन्हा निवडणूक लावली, 2019 ला पुन्हा. 2017 ची घोषणा झाली तेव्हा ब्रिस्टलच्या एका आजीबाई बीबीसीच्या बातमीदाराला रस्त्यावरच म्हणाल्या, की थट्टा करताय का, अजून एक? देशभर तेवढं एकच वाक्य फिरलं. तो वीट. त्यात राग कमी, 'पुरे आता' जास्त.

टाळेबंदीतल्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या पार्ट्यांना मात्र वीट म्हणू नका. लोक आईबापाच्या अंत्यविधीला जाऊ शकत नव्हते आणि ज्यांनी नियम केले त्यांच्या कचेरीत बाटल्या फुटत होत्या. पोलिसांनी 126 दंड ठोठावले, त्यातला एक खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना. त्यासाठी 'तळतळाट'.

रेडिंगकर :
लिब-डेमना, म्हणजे लिबरल डेमोक्रॅट पक्षाला, काय लावू? 2010 मध्ये विद्यापीठाची फी वाढवणार नाही अशी सहीनिशी शपथ घेतली, सत्तेत भागीदार झाल्यावर ती 9,000 पौंडांपर्यंत नेली. पुढच्या निवडणुकीत 57 खासदारांचे 8 झाले.

मधला बाक :
'वचनभंग'. कधी कधी साधाच शब्द असतो, बाई.

दप्तरदार :
2024 च्या ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स अहवालात 45 टक्के लोकांनी सांगितलं, की कुठल्याही पक्षाचं सरकार पक्षहिताआधी देशहित पाहील यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास नसतो. त्या पाहणीतला तो उच्चांक होता. या एकूण अवस्थेला मी 'विश्वास उडणे' म्हणेन. पाखरू उडतं तसा तो जातो, मारून मुटकून परत आणता येत नाही. मथळ्यात नाम हवं असेल तर 'अविश्वास' नको. तो ठराव वाटतो.

नवी पाहुणी :
जरा वेगळं विचारते. मी नुकतीच लेस्टरला शिकायला आलेय, पासपोर्ट भारतीय. घरमालकीण म्हणते, मतदारयादीत नाव घाल. खरंच चालतं? आणि मतपत्रिकेवरच्या 'नोटा'ला, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'ला, इथे काय म्हणतात?

थेम्सकाठ :
चालतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असतील तर संसदेच्या निवडणुकीलाही मत देऊ शकतात. 2023 पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो.

नोटा इथे नाहीच, त्यामुळे शब्दही नाही. आपल्याकडे तो 2013 पासून आहे. इथे रागावलेला माणूस मतपत्रिकेवर काहीबाही खरडून ती 'स्पॉइल' करतो. त्यासाठी आपलं 'बाद मत' पुरेसं आहे. पण खरडलेली प्रत्येक पत्रिका बाद होतेच असं नाही. शंकास्पद पत्रिका निवडणूक अधिकारी उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना दाखवून निकाल देतो. 2015 मध्ये वेल्समधल्या माँटगोमरीशरला एका मतदाराने फुलीऐवजी ग्लिन डेव्हिस यांच्या चौकटीत पुरुषाच्या गुप्तांगाचं चित्र काढलं होतं. चित्र नीटनेटकं होतं आणि चौकटीबाहेर गेलं नव्हतं, म्हणून ते मत डेव्हिसना मोजलं गेलं. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं.

मधला बाक :
याला शब्द सुचवा बघू.

दप्तरदार :
'नियमात बसतं.'